औषधानंतरचा अर्धा तास

पांझरा नदीपलीकडे देवपुरात आबांचा दवाखाना होता. तो बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी घराच्या पुढच्या खोलीला कामिनी अजून दवाखानाच म्हणत असे. आबा म्हणजे तिचे वडील. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांवर त्यांनी आसपासच्या गावांच्या तीन पिढ्या सांभाळल्या, निदान त्या पिढ्यांची तशी समजूत होती. लोक त्यांना साबुदाण्याच्या गोळ्या म्हणत आणि श्रद्धेने खात.

आबांचा नियम एकच होता. गोळी जिभेवर ठेवल्यापासून अर्धा तास तोंडाला काही लावायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, तंबाखू तर नाहीच. खेड्यावरून आलेल्या माणसाच्या हाती घड्याळ नसे आणि असलं तरी आबांचा त्यावर विश्वास नसे, म्हणून गोळी घेतलेल्याने ओट्यावरच बसायचं आणि आबांनी आतून मान हलवली की उठायचं, अशी पद्धत पडली होती. त्यामुळे कामिनीच्या बालपणातला ओटा कायम माणसांनी भरलेला असे. तहानलेली माणसं. त्यांच्या गप्पांना मात्र कुठलंही पथ्य नव्हतं.

कामिनीने पुढे कॉलेजात तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. विसाव्या वर्षी तिने जेवणाच्या ताटावर वडिलांना सिद्ध करून दाखवलं होतं की इतक्या वेळा पातळ केलेल्या औषधात मूळ द्रव्याचा कणही उरत नाही. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वरचा पापुद्रा कडकन मोडला, "मग कुणाला त्रास तरी काय होणार?" एवढं म्हणाले आणि जेवू लागले. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज तिला तेव्हा वाटली नाही.

तिने लग्न केलं नाही. आई लवकर गेली, आबा उशिरा गेले. मागे राहिलं ते घर, पुस्तकांची कपाटं आणि एक बोका. बोक्याचं नाव नक्स. तापट माणसांना आबा जे औषध देत त्याच्या नावावरून आबांनीच ठेवलेलं. तो लहानपणी दवाखान्यात शिरला, रुग्णांच्या बाकावर बसला आणि पुढे बारा वर्षं स्वतःला रुग्णांपेक्षा वरच्या दर्जाचा समजत आला. आबा जेवायला बसले की भाकरीच्या पापुद्र्याचा तुकडा त्याच्यासाठी बाजूला निघे. तो कुठल्याही खोलीत झोपलेला असो, पापुद्रा मोडल्याचा आवाज आला की हजर. आबांनंतर हे काम कामिनीकडे आलं. दिवसभरात या घरात तिच्याखेरीज कुणाचा आवाज होत असेल तर तो त्या बोक्याचा, आणि तिने दिवसभरात कुणाला हाक मारली असेल तर त्यालाच.

थंडीत नक्सला शिंका सुरू झाल्या. डोळे चिकटू लागले, नाक वाहू लागलं. कामिनी त्याला भाजीच्या झाकणवाल्या टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर योगेंद्र तरुण होता आणि मुख्यतः गाई-म्हशींचा होता. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून तो कुणाला तरी अडलेल्या म्हशीबद्दल सूचना देत होता. त्या सूचना अतिशय तपशीलवार होत्या. हात कोपरापर्यंत धुवा, घाई करू नका, कळ आली की थांबा. फोन तसाच कानाशी धरून त्याने नक्सच्या पापण्या उलटून पाहिल्या, छाती ऐकली, वजन केलं आणि डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं.

"अँटिबायोटिक आहे, मॅडम. रोज सकाळी अर्धी गोळी. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, कोर्स पूर्ण करायचा."

"सोडणार नाही," कामिनी म्हणाली.

गोळी कशी द्यायची हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ज्या घरात औषध देणाऱ्याला प्रश्न विचारणं हा उद्धटपणा मानला जाई, त्या घरातली ती होती. डॉक्टर पुन्हा म्हशीकडे वळला.

गोळी देण्याचं तंत्र तिने स्वतःच बसवलं आणि त्यात ती तरबेज झाली. आबांच्या जुन्या शालीत नक्सला गुंडाळायचं, जबडा अलगद उघडायचा, अर्धी गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची, तोंड मिटून धरायचं, गळ्यावरून बोट फिरवायचं. गोळी एकदाही बाहेर आली नाही. त्यानंतर ती जमिनीवरची पाण्याची वाटी उचलून पुस्तकांच्या कपाटावर ठेवी आणि दवाखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही.

वाटी उचला असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने तसं ठरवलंही नव्हतं. ठरवावं लागलं असतं तर तिने निदान एकदा विचार केला असता. विचार करणं हा तिचा व्यवसायच होता. पण हात आपोआप गेला. आबांच्या औषधावरचा विश्वास तिने विसाव्या वर्षी टाकून दिला होता, आणि त्या औषधाचं पथ्य साठाव्या वर्षीही तिच्या मनगटात शाबूत होतं.

नक्स शालीतून सुटला की थेट वाटीच्या जागेकडे जाई. तिथे ओल्या गोलाचा डाग तेवढा असे. तो डाग हुंगी, मान लांब करी, मग तिच्याकडे बघून ओरडे. तो हट्टी आहे हे तिला ठाऊक होतं. हट्टाला नमायचं नाही हेही ठाऊक होतं.

एका गुरुवारी त्याच वेळी झिपरू आला. झिपरू फागणे गावचा शेतकरी, ओट्यावरच्या जुन्या मंडळींपैकी शेवटचा. आबा गेल्यावर इतर सगळ्यांनी वाट बदलली. हा मात्र दर गुरुवारी बाजाराला आला की पिशवीतली वांगी नाहीतर मेथी दारात ठेवून जाई आणि थोडा वेळ ओट्यावर टेके. कामिनीला आठवड्यात जे बोलणं ऐकू येई त्यातलं बहुतेक त्याचंच असे.

"काय व्हयनं याले, अक्का? कसाले वरडस?"

"सर्दी झालीय. गोळी दिली आत्ताच. पाणी मागतोय."

"मंग वाटी कोठे शे?"

"वर ठेवलीय. अर्धा तास."

झिपरूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने नक्सकडे बोट केलं. "दख बोक्या, मी बी आठेच, या ओटावर, तोंड बांधीसन बसेल शे. तू काय मोठा लागी गया?" मग कामिनीकडे वळून म्हणाला, "आबा गया, पन आबानी शिस्त नही गई. बठ्ठा गावले सांगसू मी."

कामिनीला हसू आलं. कुणी तिची तारीफ करून बराच काळ लोटला होता. ओट्यावर दोघं आणि उंबऱ्यात बोका, असे तिघे ती वेळ संपेपर्यंत बसून राहिले, आणि त्या बसण्यात तिला काहीतरी हरवलेलं परत मिळाल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात नक्सचं नाक कोरडं झालं, डोळे लख्ख उघडले. औषधाने आपलं काम चोख केलं होतं. आणि नेमकं तेव्हा त्याने खाणं सोडलं.

सोडलं म्हणणंही बरोबर नव्हतं. तो भुकेला होता. ताटलीपाशी येई, घास घेई, मग मान ताणून पुन्हा पुन्हा गिळल्यासारखं करी. ओठांच्या कडेने लाळेची तार लोंबे. थोड्याच वेळात खाल्लेलं जसंच्या तसं, लांबट वळकटी होऊन बाहेर येई. पापुद्रा मोडल्याचा आवाज आला तेव्हा तो आला खरा, पण तुकडा हुंगून बाजूला बसला आणि त्याने मान खाली घातली. कामिनीने कोर्स पूर्ण करायचा म्हणून त्याही सकाळी गोळी दिली. वाटी उचलली.

मेडिकलवाल्याने, न विचारता, निदान करून टाकलं. "गरम पडली असेल गोळी. दुधातून द्या, म्हणजे थंड होईल." कामिनीला गरम आणि थंड औषधांचा हा सिद्धान्त लहानपणापासून ऐकून पाठ होता. त्याची तिने त्याला जागेवरच चिरफाड करून दाखवली, आणि अंधश्रद्धेशी आपला काही संबंध नाही या खात्रीने ती घरी परतली.

तिने योगेंद्रला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "गोळी आज बंद ठेवा. खरं सांगू का मॅडम, मांजरांचं मला फारसं कळत नाही. जळगावला डॉक्टर सारिका आहेत, त्या तेच बघतात. उशीर करू नका."

हे प्रांजळ वाक्य त्याने पहिल्या दिवशीही उच्चारलं असतं तर त्याची प्रतिष्ठा कमी झाली नसती, असं तिच्या मनात आलं. आपल्याकडे अज्ञान कबूल करायलाही आधी पुरेसं नुकसान व्हावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने जळगावला निघाली. टोपली मांडीवर. पारोळा मागे पडल्यावर कंडक्टर तिच्यापाशी आला आणि झाकणाच्या फटीतून आत डोकावला.

"मावशी, तुम्हाला अर्धं तिकीट. आत कोण आहे?"

"मांजर."

"मांजरी असेल तर तिलाही अर्धं लावतो. महिला सन्मान."

"बोका आहे."

"मग त्याला सवलत बसत नाही," कंडक्टर गंभीरपणे म्हणाला, तिचं एकटीचं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. नक्स आत ओरडला, पण आवाज घशात कुठेतरी अडून खरखरीत झाला. कामिनीने झाकणावर हात ठेवला आणि एरंडोल येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टर सारिका चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नक्सला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, गळा दोन बोटांनी हळूच चाचपला. मानेच्या खाली बोट जाताच नक्सने अंग आखडलं.

"गोळी कशी देत होता तुम्ही? सुरुवातीपासून सांगा."

कामिनीने सांगितलं. शाल, जबडा, जिभेचं मूळ, गळ्यावरचं बोट. आपण नीटनेटकं सांगतो आहोत याची जाणीव तिला होती. वर्गात एखादी उपपत्ती मांडावी तसं ती बोलत होती.

"आणि मग?"

"मग पाण्याची वाटी उचलून ठेवायची. अर्धा तास."

"वाटी का उचलायची?"

आयुष्यभर कामिनीने विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारला होता, कशावरून? त्या प्रश्नासमोर तरुण मुलं कशी लाल होत, हे तिने मंचावरून पाहिलं होतं. आता तिच्या डोळ्यांपुढे ओटा आला, आबांची मान हलताना दिसली, आणि उत्तर शब्दांत यायच्या आधीच तिला ते कळून चुकलं.

"माझे वडील होमिओपॅथ होते," ती म्हणाली.

सारिकाबाईंनी नक्सच्या पाठीवरून हात फिरवला. "मांजराची अन्ननलिका कोरडी गोळी सहज पुढे ढकलत नाही. गोळी वाटेत चिकटून बसते. साधी गोळी बसली तर एवढं बिघडत नाही, पण ही आम्लासारखी असते. जिथे बसते तिथे भाजते. म्हणून या गोळीच्या मागून लगेच सिरिंजने थोडं पाणी द्यायचं, नाहीतर ओला घास. माणसांनाही ही भरपूर पाण्याबरोबरच घ्यायला सांगतात."

"तो पाणी मागत होता," कामिनी म्हणाली. "रोज."

जे सांगणं भाग होतं ते सारिकाबाईंनी हळूहळू सांगितलं. घशाखाली जखम झाली असणार. नळीत दुर्बीण घातल्याशिवाय नक्की दिसणार नाही, आणि ती सोय पुण्या-मुंबईकडे. जखम भरेल, पण भरताना तिथे वण येऊन नळी आवळली तर घट्ट अन्न पुन्हा उतरणार नाही. फुग्याने ती रुंद करता येते. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागते आणि या वयाच्या बोक्यासाठी त्या तसं सुचवणार नाहीत. आवळली की नाही, ते महिनाभरात कळेल. तोवर सगळं पातळ. जखमेवर लेप देणारं एक औषध आणि उरलेला कोर्स सिरपने. ही दोन औषधं एकमेकांना अडवतात, म्हणून दोहोंत पुरेसं अंतर ठेवायचं. दुधातून काहीही द्यायचं नाही, दुधाने या औषधाचा जोर कमी होतो. आणि प्रत्येक औषधामागे पाणी.

"लगेच," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये कामिनीने मनातल्या मनात योगेंद्रविरुद्ध तक्रार रचली. ती उत्कृष्ट होती. म्हशीच्या रेडकाला जन्माच्या वाटेवर जेवढं मार्गदर्शन मिळालं त्याच्या शतांशही मांजराला मिळालं नाही, असं एक वाक्य तर तिला फारच आवडलं. औषध लिहून देणं आणि औषध देणं यांतल्या फरकावर तिने एक परिच्छेद रचला. पारोळा येईपर्यंत ती शेवटच्या वाक्याशी पोचली, आणि ते वाक्य काही केल्या पूर्ण होईना. डॉक्टरने पाणी द्या असं सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. पण वाटी जमिनीवर होती. बोक्याला पाणी हवं होतं. त्याला कुणाच्या मार्गदर्शनाची गरज नव्हती. त्याला फक्त तिने बाजूला व्हायला हवं होतं.

तक्रार तिने सोडून दिली. राग सोडता येईना, कारण आता तो ठेवायला जागा एकच उरली होती.

पुढचे आठवडे तिने जे केलं त्यात चूक काढायला जागा नव्हती. चिकन शिजवून, वाटून, गाळून पेज करायची. या शाकाहारी स्वयंपाकघरात आजवर असा वास कधी उठला नव्हता. सिरप गालाच्या कडेने थेंबाथेंबाने, मागून पाणी. घरात तिने प्रत्येक खोलीत एक वाटी ठेवली, दवाखान्यात दोन. नक्सची लाळ थांबली. पेज पोटात राहू लागली. रात्री तो पुन्हा तिच्या पायांशी झोपू लागला. ती मात्र तो प्यायला उठला की कान देऊन ऐके, घोट खाली गेला की नाही.

गुरुवारी झिपरू आला. या वेळी पिशवी दारात ठेवण्याआधीच बोलला.

"अक्का, बोक्यान्या गोळ्या उरेल व्हतीन ना? मना कुत्राले ताप शे. गोचिड्या लागेल शेतस. मेडिकलवाला म्हने, तीच गोळी चालस. दोन दिन दी दखसू."

पाकीट कपाटावर होतं. झिपरूला ते दिसत होतं.

"नाही देता येणार, झिपरूभाऊ. गोचिडीच्या तापावर हीच देत असतील कदाचित, पण त्याला तेच झालंय हे कुणी पाहिलंय? त्याचं वजन किती, गोळी किती, किती दिवस? दोन दिवस देऊन सोडली तर ताप दबेल आणि पुन्हा उलटेल. मग हीच गोळी लागू पडायची नाही. डॉक्टरांना दाखवा. मी फोन करते."

"एवढुसा कुत्राले डॉक्टर? आबानी तं कधी कोनले नही म्हनं नही."

कामिनी थकलेली होती. तिने ते वाक्य गिळायला हवं होतं.

"आबांच्या गोळीत काही नव्हतं, म्हणून त्यांना कुणालाही देता येत होती."

झिपरूने पिशवी खाली ठेवली, वांगी काढून उंबऱ्यापाशी नीट रचली आणि रिकामी पिशवी खांद्यावर टाकली.

"त्या गोळ्यास्वर मनी माय पाच वरीस जगनी, अक्का," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तो ओट्यावर टेकला नाही. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्यापुढच्याही नाही. कुत्र्याचं काय झालं हे कामिनीला कळलं नाही. चुकीच्या पथ्यासाठी गावभर तिचं कौतुक झालं असणार. योग्य नकाराने तिच्या दाराशी येणारं शेवटचं माणूस गेलं. हा हिशेब तिला तर्कशास्त्राच्या कुठल्याच चौकटीत बसवता आला नाही, म्हणून तिने तो तसाच राहू दिला.

महिना होत आला तेव्हा सारिकाबाई फोनवर म्हणाल्या, "आज थोडं घट्ट देऊन बघा. मऊ, पण घट्ट. राहिलं पोटात, तर सुटलो आपण."

तिने अंड्याचा बलक कुस्करून, हाताने गोळी वळून दिला. नक्सने अधाशासारखा खाल्ला. ती जमिनीवर त्याच्यासमोर बसून राहिली. त्याने मिशा पुसल्या, पंजा चाटला. कामिनीला वाटलं, उतरला. तेवढ्यात त्याने मान पुढे काढली, ताणली, आणखी ताणली. बलक जसाच्या तसा बाहेर आला. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तिसऱ्या दिवशी आणखी मऊ करून पाहिलं. पेज राहत होती. घास राहत नव्हता.

"मग आता पातळच," सारिकाबाई म्हणाल्या. "कायमचं. जगेल तो, मॅडम. चांगला जगेल. फक्त घट्ट काही त्याच्या तोंडी लागू देऊ नका."

त्या संध्याकाळी कामिनीने पूर्वीप्रमाणे कळण्याची भाकरी टाकली. नक्सच्या आजारपणात तिचं स्वतःचं जेवण पोळीभाजीच्या डब्यावर चाललं होतं. खूप दिवसांनी तवा तापला होता. भाकरी टम्म फुगली. ताटात घेऊन ती बसली आणि सवयीने वरचा पापुद्रा मोडला.

कडकन आवाज झाला. मागच्या खोलीत नखं फरशीवर वाजली, आणि नक्स धावत आला. तिच्या गुडघ्याशी बसून त्याने मान वर केली. डोळे स्वच्छ होते, नाक कोरडं होतं, औषधाने बरं केलेला बोका होता तो. तिच्या हातातल्या तुकड्याकडे तो पाहत राहिला. त्याला कसलंच पथ्य ठाऊक नव्हतं.

कामिनीने तुकडा ताटात ठेवला. मग पुन्हा तो आवाज होऊ नये म्हणून सगळी भाकरी वरणाच्या मोठ्या वाटीत घातली आणि चमच्याने दाबून बुडवली, पापुद्रा आधी. तो वर तरंगून आला. तिने पुन्हा दाबला आणि चमचा तसाच धरून ठेवला. नक्सने थोडी वाट पाहिली, मग तो शेजारच्या पाण्याकडे वळला आणि पिऊ लागला. ती ऐकत होती. एक घोट, मग दुसरा, सगळे खाली गेले.

कळण्याची भाकरी भिजायला वेळ लागतो. ती तशीच बसून राहिली. दार उघडं होतं, आणि ओट्यावर कुणी नव्हतं.